यादीतले नाव झाकले की काय उरते? माहिती अधिकारातल्या एका बदलाची अकोल्यापासून सुरू होणारी गोष्ट

२७ ऑगस्ट २००८ रोजी भविष्य निर्वाह निधीच्या प्रादेशिक आयुक्तांकडे माहिती अधिकाराचा एक अर्ज दाखल झाला. अकोल्याच्या उपप्रादेशिक कार्यालयात प्रवर्तन अधिकारी राहिलेल्या एका अधिकाऱ्याबद्दलची माहिती त्यात मागितली होती. नेमणुकीचा आदेश, पगार, बदल्या, त्याला मिळालेले मेमो आणि कारणे दाखवा नोटिसा, झालेली शिक्षा, मालमत्ता, गुंतवणूक, इतकेच काय मुलाच्या लग्नात आलेल्या भेटवस्तूंचा तपशीलही.

शेवटची मागणी वाचून काहींना हसू येईल. पण प्रवर्तन अधिकारी म्हणजे कोण हे आधी लक्षात घ्या. मालकाने, ठेकेदाराने कामगारांच्या नावावर पीएफ खरोखर भरला की नुसता पगारातून कापून खिशात घातला, हे तपासणारा हा माणूस. अकोल्याच्या दालमिलमधला मजूर, जिनिंगमधला हमाल, महानगरपालिकेचा कंत्राटी सफाई कामगार यांच्या म्हातारपणाची पुंजी अशा अधिकाऱ्याच्या एका शेऱ्यावर अवलंबून असते. या कामगारांमध्ये आपल्या वस्त्यांतले किती असतात हे वेगळे सांगायला नको. अशा पदावरच्या माणसावर कारवाई झाली होती का, झाली असेल तर कोणती, हा प्रश्न चांभारचौकशी म्हणून सोडून देता येत नाही.

माहिती मिळाली नाही. केंद्रीय माहिती आयोगाने बहुतेक मागण्या फेटाळल्या, नागपूर खंडपीठातही यश आले नाही, आणि ३ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गिरीश रामचंद्र देशपांडे विरुद्ध केंद्रीय माहिती आयुक्त' या प्रकरणात निकाल दिला. कर्मचाऱ्याने काम कसे केले, त्याला काय शिक्षा झाली हा मुख्यतः तो आणि त्याचा नियोक्ता यांच्यातला विषय आहे, ही माहिती 'वैयक्तिक' आहे, आणि व्यापक जनहित दाखवल्याशिवाय ती देता येणार नाही, असा त्याचा सारांश. सरकारी कर्मचाऱ्याचा नियोक्ता शेवटी कोण, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. केंद्रीय माहिती आयुक्त राहिलेले शैलेश गांधी यांनी या निकालावर पुढे अनेक वर्षे जाहीर टीका केली.

अकोल्यातून निघालेल्या या प्रकरणाचा आधार घेऊन देशभर हजारो अर्ज फेटाळले गेले. आपल्या राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने ऑक्टोबर २०१४ मध्ये याच निकालाचा दाखला देणारे परिपत्रक काढले. तरीही एक दार उघडे होते. जनहित दाखवा, माहिती घ्या, असे कायदा तेव्हाही म्हणत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते दारही कायद्याच्या त्या कलमातून काढून टाकण्यात आले.

नेमके काय बदलले

माहिती अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ८ मध्ये कोणती माहिती नाकारता येते याची यादी आहे. देशाची सुरक्षा, चालू तपास, व्यापारी गुपिते वगैरे. त्यातले कलम ८(१)(ञ) वैयक्तिक माहितीबद्दलचे. जुन्या कलमात दोन चाळण्या होत्या. त्या माहितीचा सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने कुणाच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होत असेल, तरच ती नाकारता येत असे. त्या चाळण्यांतून अडली तरी व्यापक जनहित आहे अशी जन माहिती अधिकाऱ्याची खात्री पटली तर तो माहिती देऊ शकत होता. शिवाय एक सुंदर कसोटी जोडलेली होती: जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. म्हणजे माहितीच्या बाबतीत धारणीचा मजूर आणि दिल्लीतला खासदार एका पायरीवर.

आता हे सगळे गेले. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ च्या कलम ४४(३) ने जुना मजकूर काढून त्या जागी एवढेच ठेवले की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. चाळणी नाही, कसोटी नाही. आणि 'वैयक्तिक डेटा' म्हणजे काय? ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते अशी कोणतीही माहिती. नाव हे तर पहिलेच.

आता सरकारी कागद डोळ्यासमोर आणा. रमाई आवास योजनेतल्या घरकुलांची यादी, म्हणजे नावे. भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कोणत्या कॉलेजच्या किती मुलांच्या नावावर उचलली गेली, म्हणजे नावे. बिंदूनामावलीत कोणत्या बिंदूवर कोण नेमला गेला, अनुसूचित जातीच्या जागेवर बसलेल्या माणसाचे जातप्रमाणपत्र कोणते, रस्त्याचे बिल कोणत्या अभियंत्याच्या सहीने निघाले, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास कोणत्या अधिकाऱ्याकडे होता आणि साठ दिवसांत दोषारोपपत्र का गेले नाही. नाव नसलेला कागद या कार्यालयांत शोधून सापडणार नाही.

नाव काढून आकडा दिला तर? समजा, एका गावात ४० घरकुले मंजूर झाली असे उत्तर आले. हा आकडा तपासणार कसा? ४० नावे हातात असतील तर वस्तीतली कोणतीही बाई पाच मिनिटांत सांगेल की यातला हा तर दहा वर्षांपूर्वी वारला, हा सरपंचाचा साडू, आणि या तिघांची घरे अजून जोत्यावरच आहेत. आकडे तपासायला ऑडिटर लागतो, नावे तपासायला गाव पुरेसे असते. आपल्यासाठी माहिती अधिकाराची ताकद इथे होती आणि घाव नेमका इथेच बसला आहे.

शिष्यवृत्तीचेच पाहा. नसलेल्या विद्यार्थ्यांच्या नावावर, एकाच विद्यार्थ्याच्या नावावर दोन ठिकाणी पैसे उचलल्याच्या तक्रारी विदर्भात इतक्या वाढल्या की राज्य सरकारला २०१६ मध्ये पोलीस अधिकारी के. व्यंकटेशम यांच्या अध्यक्षतेखाली विशेष चौकशी पथक नेमावे लागले. बोगस विद्यार्थी नावाशिवाय कसा पकडणार? २०२४ मध्ये पुण्याहून आपल्या वाशिमला बदलून आलेल्या प्रशिक्षणार्थी सनदी अधिकारी पूजा खेडकर यांचे प्रकरण आठवा. नॉन-क्रीमीलेअर आणि दिव्यांग प्रमाणपत्रांवर प्रश्न उभे राहिले, माहिती अधिकार कार्यकर्ते विजय कुंभार यांनी ते लावून धरले, आणि ३१ जुलै २०२४ रोजी लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. प्रमाणपत्र, उत्पन्न, मालमत्ता, सगळी 'वैयक्तिक माहिती'. त्याआधीचा मुंबईचा 'आदर्श' सोसायटीचा घोटाळाही फ्लॅटधारकांच्या नावांमुळेच पेटला होता आणि नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावे लागले.

खासगीपण आपल्यालाही हवेच आहे

सरकारचे म्हणणे असे की २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाला मूलभूत हक्क म्हटले, म्हणून माहिती अधिकारालाही त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले. हा मुद्दा उडवून लावू नका. अत्याचारग्रस्त मुलीचे नाव, वसतिगृहातल्या विद्यार्थिनीचा वैद्यकीय अहवाल, आंतरजातीय लग्न करून गाव सोडलेल्या जोडप्याचा पत्ता, हे कुणाच्याही हातात पडू नये ही सर्वांत मोठी गरज आपल्याच माणसांची आहे. पण या सगळ्याला जुन्या कलमातही संरक्षण होते. 'विनाकारण ढवळाढवळ' ही चाळणी त्यासाठीच होती. नव्या कलमाने पीडितेला नवे काही दिले नाही. तिच्या शेजारी, त्याच छत्रीखाली, बिलावर खोटी सही करणारा अधिकारी मात्र आणून उभा केला.

न्यायमूर्ती ए. पी. शहा यांचे मत इथे महत्त्वाचे आहे. २०१२ मध्ये खासगीपणाच्या कायद्यासाठी केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ गटाचे तेच अध्यक्ष होते. म्हणजे खासगीपणाचा आग्रह धरणारा माणूस. त्यांनीही २०२५ मध्ये पत्र लिहून कलम ४४(३) ला विरोध केला.

सरकारचा दुसरा बचाव असा की कायद्याने जी माहिती प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे तिला नवा कायदा लागू नाही. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी जयराम रमेश यांच्या मार्च २०२५ च्या पत्राला दिलेल्या उत्तरात हेच सांगितले. हे उत्तर जपून ठेवा, पुढे कामाला येईल. मात्र त्याने प्रश्न सुटत नाही. चौकशी अहवाल, टिपणी, प्रमाणपत्राची छाननी, कारवाईचा आदेश यांपैकी बहुतेक कागद प्रसिद्ध करण्याचे बंधन कुठल्याच कायद्यात नाही. ते मागूनच काढावे लागतात.

विरोध कुणी केला, केव्हा केला

हा कायदा लोकसभेने ७ ऑगस्ट २०२३ ला आणि राज्यसभेने ९ ऑगस्टला मंजूर केला. तेव्हा सभागृहात मणिपूरवरून रण पेटले होते. लोकसभेत आवाजी मतदानाने काम उरकले आणि ११ ऑगस्टला राष्ट्रपतींची सहीही झाली. ज्या कलमाने माहिती अधिकाराचा कणा वाकतो, त्याच्या वाट्याला संसदेत फारशी चर्चा आली नाही.

खरे तर घसरण आधीच सुरू झाली होती. २०१९ ची दुरुस्ती आठवते का? त्याआधी माहिती आयुक्तांचा कार्यकाळ पाच वर्षे असा कायद्यातच लिहिलेला होता. दुरुस्तीने कार्यकाळ आणि पगार दोन्ही केंद्र सरकारच्या हातात दिले आणि नियमांनी कार्यकाळ तीन वर्षांवर आणला. राज्यांच्या आयुक्तांचाही. विरोधकांनी विधेयक प्रवर समितीकडे पाठवा अशी मागणी केली होती, ती मान्य झाली नाही. ज्याच्या विरुद्ध निकाल द्यायचा त्याच्याच हातात आपली मुदत असेल तर माणूस किती ताठ राहील, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

विरोधी पक्षांची मोठी एकजूट दिसायला १० एप्रिल २०२५ उजाडला. त्या दिवशी दिल्लीत इंडिया आघाडीच्या नेत्यांनी पत्रकार परिषद घेतली. काँग्रेसचे गौरव गोगोई, शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाच्या प्रियंका चतुर्वेदी, माकपचे जॉन ब्रिटास आणि इतर. १२० हून अधिक खासदारांच्या सह्यांचे निवेदन वैष्णव यांना देऊन कलम ४४(३) रद्द करा अशी मागणी त्यांनी केली. अंजली भारद्वाज, निखिल डे यांच्यासारखे कार्यकर्ते हा प्रश्न त्याआधीपासून गावोगाव नेत होते. माझे स्पष्ट मत: राजकीय पक्ष या विषयात कार्यकर्त्यांच्या मागून आले. आणि सत्तेत असताना माहिती अधिकाराची भीती कोणत्या पक्षाला वाटली नाही? म्हणून विरोधाला साथ द्या, पण आंधळी नको.

हा हक्क मुळातही कुणी ताटात वाढून दिलेला नव्हता. राजस्थानातल्या मजूर किसान शक्ती संघटनेचे मजूर रोजगाराच्या हजेरीपटावरची खोटी नावे गावासमोर मोठ्याने वाचत. १९९६ मध्ये ब्यावरला त्यांचे ४० दिवस धरणे चालले. महाराष्ट्रात केंद्राच्या आधी, २००२ मध्ये, राज्याचा कायदा आला तोही आंदोलनांमुळे. २००५ चा कायदा १२ ऑक्टोबरपासून पूर्णपणे लागू झाला. चळवळ सुरू झाली तीच मुळी हजेरीपटावरच्या नावांपासून, आणि आता झाकली जाताहेत तीही नावेच.

सरकारी कागदाचे मोल आपल्या चळवळीला फार आधी कळले होते. बाबासाहेबांनी मे १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचे निवेदन ठेवले. त्यात गाऱ्हाण्यांपेक्षा सरकारचेच आकडे जास्त बोलतात. सरकारच्या कागदाने सरकारला कोंडीत पकडायचे, ही त्यांची रीत होती.

मग आता अर्ज करायचा की नाही

करायचाच. फक्त पद्धत बदलावी लागेल, आणि हा भाग कार्यकर्त्यांनी नीट वाचावा.

पहिली गोष्ट, कलम ८(२) अजून जिवंत आहे. संरक्षित हितापेक्षा जनहित मोठे असेल तर सार्वजनिक प्राधिकरण माहिती देऊ शकते, असे ते म्हणते. पूर्वी हा निर्णय जन माहिती अधिकारीच घेऊ शकत होता, आता बोट कार्यालयाच्या प्रमुखाकडे दाखवले जाईल. म्हणून अर्जातच लिहा: "माहिती नाकारण्यापूर्वी कलम ८(२) नुसार निर्णय घ्यावा व त्या निर्णयाची प्रत द्यावी." कलम ६(२) प्रमाणे अर्जदाराला कारण विचारता येत नाही हे खरे, पण या कलमाचा आधार घ्यायचा तर जनहित काय ते दोन ओळींत आपणहून लिहिलेले बरे. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत हवा, त्यामुळे पाल्हाळ नको. सविस्तर युक्तिवाद पहिल्या अपिलासाठी ठेवा.

दुसरी गोष्ट, कलम ४. याला हात लागलेला नाही. प्रत्येक अधिकारी-कर्मचाऱ्याचे मासिक वेतन, अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली आणि लाभार्थी कोण, सवलती आणि परवाने कुणाला दिले, हे सगळे कार्यालयाने न मागता प्रसिद्ध करायचे आहे. म्हणजे घरकुलाची यादी मागताना 'वैयक्तिक माहिती' हे उत्तर आले तर कलम ४(१)(ख) मधली लाभार्थ्यांची बाब दाखवा आणि वर सांगितलेले मंत्र्यांचे उत्तर जोडा. रेशनच्या बाबतीत तर राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम २७ मध्येच नोंदी जनतेसाठी खुल्या ठेवा असे लिहिले आहे. घरकुलाचे लाभार्थी ग्रामसभेत ठरतात, तेव्हा ग्रामसभेत वाचलेली यादी गुप्त कशी, हेही विचारा.

तिसरे, कलम १०. एखाद्या कागदाचा काही भाग देता येत नसेल तर तेवढाच झाकून बाकीचा द्यावा लागतो. आधार क्रमांक, मोबाइल, बँक खाते झाकून यादी द्या, असे अर्जातच म्हणा. आपल्याला तेवढेच हवे असते, आणि 'तुम्ही लोकांचा खासगीपणा मोडता' हा आरोपही तिथेच संपतो.

अर्ज जोडपत्र 'अ' मध्ये, दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, फक्त दाखल्याची प्रत जोडा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी कलम १९(५) नुसार अजूनही त्यांच्यावरच आहे, आपल्यावर नाही. तिथेही नाही झाले तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे. अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशिम आणि यवतमाळ या पाचही जिल्ह्यांची दुसरी अपिले तिथे जातात. थांबण्याची तयारी ठेवा. प्रलंबित अपिलांच्या बाबतीत महाराष्ट्र देशात सर्वांत पुढे राहिलेला आहे, सतर्क नागरिक संघटनेच्या अहवालांत हा आकडा लाखाच्या वर गेलेला दिसतो. चिखलदऱ्याच्या माणसाने एका कागदासाठी एवढे थांबायचे, हीसुद्धा माहिती नाकारण्याचीच एक पद्धत आहे. पण अपील केले नाही तर नकाराची नोंदही राहत नाही, आणि पुढे न्यायालयात हेच नकार कामी येतात.

अर्जाशिवायची एक वाट फार थोड्यांना माहीत आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. दोघे-तिघे मिळून जा, वही-पेन न्या. पहिल्या सोमवारी कुणी तरी "साहेब नाहीत" म्हणेलच. दुसऱ्या सोमवारी त्या शासन निर्णयाची प्रत घेऊन जा.

एकट्याने अर्ज करू नका, हेही सांगून ठेवतो. तळेगावच्या सतीश शेट्टींचा खून १३ जानेवारी २०१० रोजी झाला, आणि ते या यादीतले एकटे नाहीत. गावातल्या ठेकेदाराविरुद्धचा अर्ज तिघा-चौघांनी वेगवेगळ्या नावांनी टाकला तर दबाव विभागला जातो. आणि मिळालेल्या कागदाचा सौदा करू नका. एक जण तसा वागतो आणि मग प्रत्येक कार्यकर्त्याला 'ब्लॅकमेलर' म्हणायला कार्यालये मोकळी होतात.

आणखी एक धोका अजून यायचा आहे. डेटा संरक्षण कायद्यातली जबाबदाऱ्या आणि दंडाची कलमे नोव्हेंबर २०२५ पासून दीड वर्षाने, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत. कमाल दंड २५० कोटी रुपये. पत्रकारितेसाठी या कायद्यात स्पष्ट सूट नाही. मिळवलेली यादी संकेतस्थळावर टाकणारी छोटी संघटना किंवा वृत्तपोर्टलही त्याच्या कचाट्यात येऊ शकते. माहिती मिळवणे अवघड, आणि मिळालीच तर छापणे महाग.

सामाजिक न्याय विभागाचा निधी दुसरीकडे वळवल्याची तक्रार मे २०२५ मध्ये खुद्द त्या खात्याचे मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीरपणे केली होती. मंत्र्याला जे वर्तमानपत्रांसमोर बोलून दाखवावे लागते, ते तिवसा किंवा मूर्तिजापूरच्या समाजमंदिरात बसलेल्या पोरांनी कागदावर मिळवायचे आहे. अमरावतीचे खासदार बळवंत वानखडे काँग्रेसचे, अकोल्याचे अनुप धोत्रे भाजपचे. दोघांनाही एकच लेखी प्रश्न पाठवा: कलम ४४(३) रद्द करण्याच्या बाजूने तुम्ही संसदेत मत देणार का, हो की नाही? उत्तर आले तर ते गावात वाचून दाखवा. नाही आले तर पाठवल्याची पोच आणि तारीख वाचून दाखवा.